हंगेरियन, मल्याळम आणि कुळाची हौस

हंगेरियन आणि मल्याळम या दोन भाषांना एका पंगतीत बसवण्याची हौस आजची नाही. तिरुनेलवेलीकडच्या इडैयनकुडी गावात वर्षानुवर्षं राहिलेल्या रॉबर्ट कॉल्डवेल या मिशनऱ्याने १८५६ साली द्राविड भाषांचं तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केलं. तमिळ, मल्याळम, कन्नड, तेलुगू या एका घरच्या आहेत, संस्कृतच्या लेकी नव्हेत, हे त्याने ठासून मांडलं. मद्रासच्या फ्रान्सिस एलिसने ते १८१६ सालीच दाखवलं होतं, पण गाजलं ते कॉल्डवेलचं पुस्तक. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. त्याने आणखी एक उडी घेतली आणि द्राविड भाषांचं नातं 'सिथियन' भाषांशी, म्हणजे फिनिश, हंगेरियन, तुर्की वगैरेंशी आहे असं सांगितलं.

गंमत अशी की तिकडे हंगेरीतले सरदार-उमरावही कित्येक शतकं स्वतःला सिथियनांचे आणि हूणांचे वंशज म्हणवून घेत आले होते. म्हणजे बुडापेस्टच्या उमरावाची आणि कोट्टयमच्या शेतकऱ्याची भाषा एकाच मोघम शब्दाखाली आली आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. पुढे १९४०च्या दशकात थॉमस बरो या नावाजलेल्या संस्कृत-द्राविड पंडिताने आणि १९६८ साली स्टीफन टायलर या अमेरिकन अभ्यासकाने द्राविड आणि उरालिक (म्हणजे हंगेरियन, फिनिश वगैरेंच्या कुळातल्या) भाषांमधल्या जुळणाऱ्या शब्दांच्या याद्या दिल्या. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना त्या पटल्या नाहीत. तरी ही कल्पना मरत नाही. आपली भाषा युरोपातल्या कुणाची तरी थोरली बहीण निघावी, असं आपल्याकडे पुष्कळांना मनापासून वाटतं.

माझं म्हणणं असं की या दोन भाषांची तुलना जरूर करावी, तिच्यातून शिकण्यासारखं भरपूर आहे. पण ते कुळात नाही, वयात तर नाहीच नाही. कोणत्या भाषेला तिच्या माणसांनी कोणकोणत्या कामाला लावलं आणि कोणत्या कामावरून काढून घेतलं, तिथे ही तुलना बोलू लागते.

आधी साम्य नीट पाहू, कारण ते खोटं नाही. हंगेरियनमध्ये 'हाझ' म्हणजे घर. 'हाझबॉन' म्हणजे घरात, 'हाझॉइम' म्हणजे माझी घरं आणि 'हाझॉइम्बॉन' म्हणजे माझ्या घरांत. एकेक तुकडा मागे जोडत जायचा. मल्याळममध्ये 'वीड्' म्हणजे घर, 'वीट्टिल्' म्हणजे घरात, 'वीडुकळिल्' म्हणजे घरांत. तीच रीत. आपल्याजवळ काही आहे हे सांगायला दोन्ही भाषांत इंग्रजीसारखं वेगळं क्रियापद नाही. हंगेरियन माणूस 'नेकेम वॉन' म्हणतो, मल्याळी 'एनिक्क् उण्ड्' म्हणतो. दोन्हींचा अर्थ 'मला आहे'. आकड्यानंतर नाम एकवचनी ठेवायची सवयही दोघांना. हंगेरियनमध्ये 'केत हाझ', मल्याळममध्ये 'रण्ड् वीड्', शब्दशः 'दोन घर'. दोन्हींत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे येतं.

आता मराठी वाचक इथे हसेल. 'मला दोन भाऊ आहेत' आपणही म्हणतो. 'लग्नाला पाचशे माणूस जेवून गेलं' हेही म्हणतो. घराखाली, झाडामागे, पुलावरून, सगळं नामाच्या मागेच. (आणि शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी लिहायची आपली पद्धत हंगेरीत रोजच्या बोलण्यात आहे, संगीतकार बार्तोकचंच पाहा, बार्तोक हे आडनाव, बेला हे नाव, आणि तिथे तो कायम 'बार्तोक बेला'च असतो.) म्हणून मराठी हंगेरियनची मावशी ठरली का? मराठीचं कुळ तर सरळ माहीत आहे. ती इंडो-आर्यन.

भाषा एकमेकींसारख्या दिसतात याला कारणं तीन असू शकतात. एक रक्ताचं नातं, दुसरं शेजार, तिसरं निव्वळ योगायोग, म्हणजे शब्द बांधण्याच्या रीती जगात मोजक्याच असल्यामुळे दूरदूरच्या दोघांनी तीच उचलणं. मराठी आणि मल्याळममध्ये बरंच काही सारखं आहे ते शेजारामुळे. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' हा फरक हिंदीत नाही, मराठीत आहे आणि मल्याळममध्येही आहे. तिथे 'नम्मळ्' आणि 'ञङ्ङळ्'. हजारो वर्षं एका उपखंडात नांदलेल्या भाषा कुळ वेगळं असूनही एकमेकींच्या सवयी उचलतात, हे मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ सालच्या एका निबंधात फार चांगलं मांडलं. हंगेरियनमध्ये 'आम्ही'साठी 'मि' हा एकच शब्द, ऐकणारा त्यात आहे की नाही याची फिकीर नाही. हंगेरियन आणि मल्याळम यांचं जे जुळतं ते तिसऱ्या खात्यातलं.

आणि जुळत नाही ते किती ठळक आहे! मल्याळममध्ये 'ञान् वन्नु', 'नी वन्नु', 'अवर् वन्नु'. मी आलो, तू आलास, ते आले. क्रियापद तेच, 'वन्नु'. शेजारची तमिळ अजूनही 'वन्देन्', 'वन्दाय्', 'वन्दान्' असे प्रत्यय सांभाळून आहे. मल्याळमने ते कधीच झटकून टाकले. हंगेरियनमध्ये याच्या बरोबर उलट. तिथल्या क्रियापदाला कर्ता तर लागतोच, पण कर्माचीही चाहूल लागते. 'लातोक' म्हणजे मला काहीतरी दिसतं, 'लातोम' म्हणजे ती अमुक गोष्ट दिसते आणि 'लात्लॉक' म्हणजे मला तू दिसतोस. एका शब्दात दोन माणसं. शिवाय स्वरांची जुळणी आहे: घरात 'हाझबॉन', पण बागेत 'केर्तबेन', कारण मूळ शब्दातला स्वर प्रत्ययातला स्वर ठरवतो. मल्याळम शिकणाऱ्याला हा छळ नाही.

मग नातं सिद्ध कशाने होतं? एकेकट्या सारख्या शब्दांनी होत नाही, नियमाने होतं. हंगेरियनमध्ये हात 'केझ', फिनिशमध्ये 'कॅसि'. पाणी 'वीझ', तिकडे 'वेसि'. मध 'मेझ', तिकडे 'मेसि'. तिन्ही ठिकाणी एकीचा 'झ' तर दुसरीचा 'स', आणि असा नियम ओळीने लागू पडत गेला की मग नातं नाकारता येत नाही. मल्याळममध्ये हाताला 'कै' म्हणतात. झालं, उत्साही मंडळींनी उडी मारलीच. पण दुसऱ्या पायरीवर पाय घसरतो: मल्याळममध्ये पाणी 'वेळ्ळम्' आणि मध 'तेन्'. यात गमतीची गोष्ट वेगळीच आहे. तो 'मेझ' उरालिक भाषांनी फार प्राचीन काळी आर्यभाषकांच्या पूर्वजांकडून उचलला, म्हणजे तो आपल्या 'मधा'चाच सोयरा. हंगेरियनमधला हजार, 'एझेर', हा इराणी भाषांकडून आला, आणि मल्याळममधला हजार, 'आयिरम्', हा 'सहस्र'चा झिजलेला अवतार. दोन्हींचं मूळ एकच. हंगेरियन आणि मल्याळम खरोखर भेटतात त्या अशा उसनवारीत. दोघींनी 'हजार' एकाच मोठ्या घराण्याच्या दोन शाखांकडून उसना आणला, आणि आपण मराठी माणसं 'सहस्र' घरात ठेवून फारसीतला 'हजार' बाजारात वापरतो.

कुळ असं शोधायचं असतं, आणि ते सापडल्यावर माणसं कशी वागतात याची गोष्ट हंगेरीने फार आधी दाखवून ठेवली आहे. जून १७६९मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. तो पाहायला माक्सिमिलियान हेल नावाचा खगोलशास्त्रज्ञ नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, वार्दो बेटावर गेला. बरोबर त्याचा सहकारी शाइनोविच यानोश, हाही जेझुइट पाद्री. त्या मुक्कामात शाइनोविचने तिथल्या सामी लोकांची भाषा ऐकली, शब्द टिपले, रचना ताडून पाहिली आणि १७७० साली पुस्तक काढलं: हंगेरियन आणि सामी या मुळात एकच भाषा. आजच्या हिशेबाने विधान जरा जास्तच ठाम, पण दिशा बरोबर. हंगेरियन उरालिक कुळातली आहे, तिच्या सर्वांत जवळच्या भाषा पश्चिम सायबेरियातल्या खांती आणि मान्सी, आणि फिनिश-सामी ही लांबची भावकी.

हंगेरीत शाइनोविचचं कौतुक व्हायला हवं होतं. झाला तो संताप. घोड्यावरून युरोप हादरवणाऱ्या हूणांचे वारस म्हणून मिरवणाऱ्यांना मासे खाऊन राहणाऱ्या, रेनडियर पाळणाऱ्या गरिबांचं नातं नको होतं. 'मासळीचा वास येणारी सोयरीक' असा हेटाळणीचा शब्दप्रयोगच रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर यावरून पंडितांची लढाई जुंपली. एका बाजूला दरवेशाच्या वेशात मध्य आशिया पालथा घातलेला वांबेरी आर्मिन, तुर्की नात्याचा पुरस्कर्ता. दुसऱ्या बाजूला जर्मनीतून आलेला बुदेंझ योझेफ, फिनो-उग्रिक, म्हणजे फिनिश-सामीकडच्या नात्याचा. बुदेंझची बाजू पुराव्यावर जिंकली. पण लोकांना मनातून हवा होता वांबेरीच.

तो अजूनही हवा आहे. २०१८ साली पंतप्रधान असलेल्या व्हिक्टर ओर्बान यांनी किर्गिझस्तानातल्या तुर्कभाषक देशांच्या परिषदेत हंगेरियन तुर्की भाषांच्या नात्यातली असल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि हंगेरी त्या परिषदेचा निरीक्षक सदस्य झाला. २०१९ साली सरकारने हंगेरियन इतिहास आणि मुळांच्या शोधासाठी एक नवी संस्था काढली. त्याच वर्षी विज्ञान अकादमीच्या ताब्यातल्या संशोधन संस्था अकादमीकडून काढून घेतल्या; त्यांत भाषाशास्त्राची संस्थाही होती. भाषेचं कुळ हा सरकारच्या सोयीचा विषय झाला की पुराव्याची किंमत किती उरते, हे वेगळं सांगायला नको.

कुळ शोधायला निघून कामाला लागलेला एक हंगेरियन मात्र आपल्या ओळखीचा आहे. क्योरोशी चोमा शांदोर ट्रान्सिल्वेनियातून (हा हंगेरियनांचा मुलूख आज रोमेनियात आहे) १८१९ साली हंगेरियनांचे आशियातले नातेवाईक शोधायला निघाला. तो पोचला लडाख-झांस्करला. नातेवाईक सापडले नाहीत, पण तिबेटी भाषा सापडली. कडाक्याच्या थंडीत मठांतून बसून त्याने ती शिकली आणि १८३४ साली कोलकात्यात तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापून झालं. १८४२ साली तो दार्जिलिंगला वारला, तेव्हाही त्याला पुढे ल्हासाकडे जायचं होतं. नात्याचा शोध फसला. कोश मात्र तिबेटी अभ्यासाचा पाया झाला.

आता आपल्याकडे वळू. कुळाचा सोस हंगेरीत, तर वयाचा सोस आपल्याकडे. केंद्र सरकारने २००४ साली तमिळपासून अभिजात दर्जा द्यायला सुरुवात केली आणि मग प्रत्येक भाषेला आपला जन्मदाखला मागे ढकलायची घाई झाली. अट दीड-दोन हजार वर्षांच्या जुनेपणाची. मल्याळमचा सर्वांत जुना मानला जाणारा वाळप्पळ्ळीचा लेख नवव्या शतकातला. तेव्हा केरळला सांगावं लागलं की तमिळचं म्हणून ओळखलं जाणारं संगम साहित्य आमचंही आहे, कारण तेव्हा दोघी एकच होतो. म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण स्वतंत्र भाषा म्हणून मान मिळवायला स्वतंत्र नव्हतो हे सिद्ध करायचं, हा प्रकार नमुनेदारच. २०१३ साली दर्जा मिळाला. मराठीला तो ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला आणि आपणही पेढे वाटले. मला त्या पेढ्यांचं वावडं नाही. पण या मापाने मोजलं तर हंगेरियन परीक्षेला बसूच शकत नाही. तिचे पहिले लिखित तुकडे तिहान्य मठाच्या १०५५ सालच्या लॅटिन दानपत्रात अडकलेले, आणि सलग मजकूर म्हणावा असं पहिलं प्रवचन बाराव्या शतकाच्या अखेरीचं.

आणि तरी आज ही अभिजात नसलेली, आजूबाजूला एकही सोयरी भाषा नसलेली, जेमतेम सव्वा-दीड कोटी लोकांची भाषा शाळेपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळं करते. तिच्यात डॉक्टर शिकतात. बारावीअखेरची गणिताची परीक्षा तिच्यात होते. २००४ सालापासून ती युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे. मल्याळम २०११च्या जनगणनेप्रमाणे ३.४८ कोटींची मातृभाषा. मराठी ८.३ कोटींची. आपली पंचाईत आकड्यांची नाही.

गणिताचंच उदाहरण घेतो, कारण त्यात पळवाट नाही. साधारण १५३०च्या सुमारास केरळात ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' लिहिली, आणि ती संस्कृतात नव्हे, मल्याळम गद्यात. बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात करून हा माणूस वाचकाला बोटाला धरून वर्तुळाच्या परिघापर्यंत नेतो. वर्तुळाभोवती चौरस आख. चौरसाच्या बाजूचे सारखे बारीक तुकडे कर. प्रत्येक तुकड्याच्या टोकापर्यंत केंद्रापासून कर्ण ओढ. मग सरूप त्रिकोणांवरून त्या तुकड्याच्या वाट्याला वर्तुळाचा केवढा कंस येतो ते काढ. तुकडे जितके बारीक तितकं उत्तर अचूक, आणि ते सगळे मिळवले की परिघाची अनंत पदांची श्रेढी हाती येते: व्यासाची चौपट, वजा तिचा तिसरा भाग, अधिक पाचवा भाग, वजा सातवा भाग, असं पुढे. श्रेढी संगमग्रामच्या माधवाची, चौदाव्या शतकातली. युरोपात ती सतराव्या शतकात उमगली. ज्येष्ठदेवाचं वेगळेपण असं की त्याने नुसतं सूत्र दिलं नाही, ते का बरोबर आहे हे पायरीपायरीने सांगितलं, आणि तेही चुलीपाशी बोलली जाणारी भाषा वापरून. संज्ञा संस्कृत, वाक्य मल्याळम.

ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारातला अधिकारी चार्ल्स व्हिश याने हे काम युरोपपुढे मांडलं १८३०च्या दशकात. त्याच दशकात, १८३२ साली, ट्रान्सिल्वेनियात बोयाइ यानोश याने अयुक्लिडीय भूमिती, म्हणजे युक्लिडचा समांतर रेषांचा नियम न मानणारी भूमिती, प्रसिद्ध केली. आधुनिक गणितातल्या सर्वांत धाडसी पानांपैकी ती पानं. वडिलांच्या ग्रंथाचं परिशिष्ट म्हणून छापली गेली, आणि लिहिली होती लॅटिनमध्ये. हंगेरियनमध्ये असं काही लिहायची सोय तेव्हा नव्हती. वडील फार्कश यांनी दोन वर्षं आधी अंकगणिताचं एक पुस्तक हंगेरियनमध्ये काढून पाहिलं होतं, पण खरं लिहिणं लॅटिनमध्येच. म्हणजे १८३२ साली कुणी या दोन भाषांची तुलना केली असती, तर गणिती लेखनात मल्याळम तीनशे वर्षं पुढे होती.

मग झालं काय? हंगेरीत भाषेला कामाला लावण्याची मोहीम त्याआधीच सुरू झाली होती. १७८४ साली सम्राट दुसऱ्या योसेफने कारभाराची भाषा जर्मन केली आणि लोकांचं डोकं फिरलं. काझिन्त्सी फेरेन्त्स हा लेखक आणि त्याच्या मंडळींनी हजारो नवे शब्द पाडले. जुने धातू घेतले, प्रत्यय लावले, प्रसंगी शब्द मधूनच कापले. त्यांची टर उडवणारी पुस्तकं निघाली. आपल्याकडे सरकारी हुद्द्यांना मराठी नावं देणाऱ्या पदनाम कोशाला 'बदनाम कोश' म्हटलं गेलं तसंच. पण टिंगल करणाऱ्यांचे नातू त्याच शब्दांत हिशेब लिहू लागले. काझिन्त्सी राजद्रोहाच्या खटल्यात साडेसहा वर्षं तुरुंगात होता, हे सांगितलं पाहिजे; भाषेचं काम म्हणजे नुसती कोशांची जुळवाजुळव नव्हती. १८२५ साली सेचेन्यी इश्तवान या उमरावाने आपल्या जहागिरीचं वर्षाचं उत्पन्न देऊ केलं आणि त्यातून विज्ञान अकादमी उभी राहिली. १८४४ साली लॅटिन गेली, हंगेरियन राज्यभाषा झाली.

आणि १८९४ साली ज्योर गावातल्या अरान्य दानिएल नावाच्या एका शाळामास्तराने शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. कल्पना साधी: दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी पोस्टाने उत्तरं पाठवायची, चांगली उत्तरं मुलांच्या नावानिशी छापायची. पुढे चांगली उत्तरं देणाऱ्या पोरांचे फोटोही छापले जाऊ लागले. महायुद्धांमुळे खंड पडला, पण ते मासिक आजही चालू आहे. त्या फोटोंत पुढे जगप्रसिद्ध गणिती झालेला एर्दोश पाल आहे. गावोगावची मुलं एकमेकांना न भेटता नावाने ओळखू लागली, बुडापेस्टला कॉलेजात आल्यावर टोळकं करून बागेत बसू लागली. अशाच टोळक्यात क्लाइन एस्तेर हिने एक कोडं घातलं: कोणतेही पाच बिंदू घ्या, त्यातले तीन एका रेषेत नकोत, त्यांतल्या चारांचा बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न दबलेला, चौकोन होतोच. पाचाऐवजी जास्त बिंदू आणि चौकोनाऐवजी बहुकोन घेतला तर? एर्दोश आणि सेकेरेश यांनी त्यावरून लिहिलेला १९३५ सालचा निबंध आजही शिकवला जातो. तो छापला इंग्रजीत. कोडं घातलं गेलं, त्यावर डोकं खाजवलं गेलं ते हंगेरियनमध्ये.

माझ्या मते मुद्दा इथे आहे. जगाला सांगायला इंग्रजी जरूर वापरा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला विचार करायला काय दिलंत?

केरळने याबाबत काहीच केलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. १९६२ साली स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने मल्याळममध्ये मुलांसाठी, मोठ्यांसाठी विज्ञानाची मासिकं चालवली, गावोगाव जथे नेले. आपली मराठी विज्ञान परिषद चार वर्षांनी धाकटी. केरळात ग्रंथालयं आहेत, वाचणारी माणसं आहेत, दीडशे वर्षांच्या घरात गेलेली वृत्तपत्रं आहेत. मल्याळम कादंबरीला काही कमी नाही. २०१७ साली राज्याने दहावीपर्यंत सगळ्या शाळांत मल्याळम हा विषय सक्तीचा केला. पण 'विषय' म्हणून. भाषा विषय झाली की तिला हळदीकुंकू लागतं, ती माध्यम राहत नाही. अकरावी-बारावीच्या विज्ञानाची वाट केरळात प्रामुख्याने इंग्रजीतून जाते. महाराष्ट्रात आपण तर त्याहून शहाणे: मराठी शाळा वाचवायच्या म्हणून 'सेमी-इंग्रजी' काढली आणि तिच्यात मराठीतून बाहेर काढले ते नेमके गणित आणि विज्ञान. कविता ठेवली. २०२१ पासून वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षा मल्याळम आणि मराठीत देता येतात हे खरं, पण ज्या भाषेतून दोन वर्षं शिकलोच नाही तिच्यात प्रश्नपत्रिका मागणार कोण?

याला उत्तर तयार असतं. हंगेरीला स्वतःचं राज्य मिळालं, केरळला कुठे? बरोबर आहे. त्यात एक काळी बाजूही आहे, जी हंगेरीचे गोडवे गाणारे विसरतात. स्वतःची भाषा राज्यावर बसवल्यावर हंगेरियनांनी ती स्लोव्हाक, रोमेनियन मुलांच्या शाळांतही घुसवली. १९०७ सालचा शिक्षण कायदा त्यासाठी बदनाम आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२०च्या त्रियानों तहात दोनतृतीयांश मुलूख गेला, आणि उरलेला देश जवळजवळ एकभाषी झाला, म्हणून पुढचं सोपं गेलं. आज तोच अनुभव उलट्या बाजूने शेजारच्या देशांत राहिलेले हंगेरियन अल्पसंख्य घेतात. तेव्हा हंगेरीची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण शाळेचं पुस्तक कोणत्या भाषेत छापायचं, हे ठरवायला सार्वभौम राज्य लागत नाही. तो अधिकार तिरुवनंतपुरम आणि मुंबईकडे आज आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो जास्त खरा. मल्याळी माणूस आखातात जातो, मल्याळी नर्स जगभर जाते. इंग्रजी नाही तर काय मल्याळम घेऊन जाणार? पण त्या नर्सकडेच पाहा. जर्मनीत नोकरी मिळतेय म्हटल्यावर ती विशीत जर्मन शिकते, परीक्षा देते, पास होते, आणि तिकडे वॉर्डात जर्मनमध्ये बोलते. बालवाडीपासून तिला कुणी जर्मन माध्यमात घातलं नव्हतं. गरज पडली की परकी भाषा मोठेपणी येते. पूर्णांक, प्रमाण, मर्यादा या कल्पना मात्र वेळेत रुजल्या नाहीत तर पुढे कुठल्याच भाषेत येत नाहीत.

तिरूर हे मलप्पुरम जिल्ह्यातलं गाव. आधुनिक मल्याळम कवितेचा जनक मानला जाणारा एळुत्तच्छन तिथला. ज्येष्ठदेवाच्या परंपरेतला नीलकंठ सोमयाजी तिथल्याच तृक्कण्डियूरचा. २०१२ साली स्थापन झालेलं मल्याळम विद्यापीठ तिथे आहे, आणि अभिजात दर्जापायी मिळालेलं केंद्र सरकारचं अभ्यासकेंद्रही. अभिजात निधी जुन्या ग्रंथांसाठी असतो ना, मग ज्येष्ठदेवही जुनाच आहे. त्या केंद्राने परिघाच्या श्रेढीची सिद्धता आजच्या मल्याळममध्ये, आकृत्यांसकट, अकरावीच्या पोराला कळेल अशी पंधरा-वीस पानांत छापावी आणि राज्याने ती गणिताच्या पुस्तकाला जोडावी. महाराष्ट्राने आपल्या निधीतून असंच एखादं प्रकरण मराठीत करून घ्यावं. वाईच्या विश्वकोशात गणिताच्या संज्ञा कधीच्या तयार पडल्या आहेत. आणि त्या पानांवर परीक्षेत निदान एक पाच गुणांचा प्रश्न ठेवावा. गुण नसतील तर ती पानं केरळात कोणी उघडणार नाही, आणि महाराष्ट्रात तर नाहीच.